करंगळीवरची शाई

"ए भोईवाडा, हात पुढे कर."

आमच्या आरोग्य केंद्राच्या मॅडमने मार्करचं टोपण काढलं होतं. पोलिओचा डोस दिला की बाळाच्या डाव्या करंगळीवर खूण करतात, तोच मार्कर. मी हात पुढे केला. का केला, कोण जाणे. माझ्या करंगळीवर तिने नखापासून पेरापर्यंत जाड रेघ ओढली.

"आता विसरणार नाहीस."

आम्ही सगळ्या आरोग्यसेविका जमिनीवर बसलेलो. खुर्चीवर ती. कुणी हसलं नाही, कुणी वर बघितलंही नाही.

माझा गुन्हा काय, तर नव्या टॉवरमधलं एक बाळ डोसाविना राहिलं. वॉचमनने मला गेटवरूनच परत पाठवलं होतं. "मेमसाबने मना किया है." लसीची पेटी खांद्याला लावून मी उन्हात ताटकळले आणि निघाले. हे सांगायला तोंड उघडलं, तर मॅडम म्हणाली, "कारणं नकोत." वयाने मी तिच्याहून मोठी. पण माझं नाव तिला कधी लागलंच नाही. ज्या वस्तीत फिरायचं, तेच आमचं नाव.

शाई साबणाने जात नाही. घासणीने घासली. कातडं सोललं, शाई राहिली. घरी लेकीने विचारलं, "आई, तुला पण डोस दिला?" मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तिची काही चूक नव्हती.

त्याच संध्याकाळी धाकटी जाऊ आली. आमच्याच चाळीत राहते. हे काम तिला मीच सुचवलेलं. तिला अँटॉप हिलकडचं केंद्र मिळालं, मला हे. बांगडे साफ करता करता सांगत होती, तिलाही एका सोसायटीत आत सोडलं नाही म्हणून.

"मग?"

"मगे काय वयनी, मॅडमना फोन केला. टॅक्सी करून आल्या. वॉचमनला म्हणाल्या, ही आमची ताई आहे, हिला अडवलंस तर मला अडवलंस. दोघी वर गेलो. खाली आल्यावर चहा पाजला मला."

मी जळले. साफ सांगते, जळले. तिच्या सोन्याचा, तिच्या हवेशीर खोलीचा हेवा मी कधी केला नाही. पण ती मॅडम तिला का मिळावी? देवापुढे दिवा लावताना मनात आलं, हिच्या मॅडमची बदली होऊ दे. असलं मागणं मागितलं मी. काम दोघींचं तेच, पेटी तीच, जिने तसलेच. ती सकाळी गुणगुणत निघायची आणि मी दार लावून घ्यायचे. किती दिवस तिच्याशी धड बोलले नाही. मग मध्येच कधीतरी कळलं, माझा राग चुकीच्या बाईवर निघतोय.

पुढची फेरी आली. तोच टॉवर, तोच नकार. या वेळी मी गेटवरूनच मॅडमला फोन लावला.

"तुम्ही या, मग सोडतील."

"मी काय रिकामी बसलेय?" फोन कट.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये पुन्हा टोपण निघालं. "हात."

मी मूठ वळली. "नाही."

"काय?"

"ही शाई बाळांची आहे, मॅडम. घर का सुटलं ते बघायला गेटवर चला माझ्याबरोबर."

मग उठले, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

"उद्यापासून येऊ नकोस."

"येणार," मी म्हटलं.

आणि गेले. काढून टाकणं तिच्या हातात नव्हतं. तिने माझी वस्ती बदलली, रे रोडच्या टोकाला टाकलं. टॉवरच्या गेटवर ती अजून गेलेली नाही. ते बाळ अजून तसंच आहे.

जाऊशी मी आता बोलते. हेवा मात्र गेलेला नाही, आणि मी तो घालवणारही नाही. तिला जे नशिबाने मिळालं, ते मला हक्काने हवंय. माझ्या बाजूला बसणाऱ्या सगळ्यांना हवंय.

आता मॅडम हाक मारते, "ए रे रोड."

मी स्टुलावर बसून असते. ओ देत नाही. नावाने हाक येईपर्यंत देणार नाही.