जीपच्या तोंडावरची पाटी

दुष्काळात प्यायचं पाणी टँकरनं यायचं, आणि माझी जीप आष्टीच्या रस्त्यावर रोज कळशीभर पाणी पिऊन टाकायची. जुन्या जीपला मी हौसेनं मोठं इंजिन बसवलं होतं. बायको इंजिनाला शिव्या घालायची, पण दोष त्याचा नव्हता. सहकारी कारखान्याच्या निवडणुकीत आमच्या पॅनेलची पाटी मी पुढच्या जाळीवर बांधली होती. रेडिएटरला वाराच लागत नव्हता, त्यातलं पाणी उकळून उडून जायचं. निवडणूक सरली तरी पाटी काढायची सोय नव्हती. काढली की गाव म्हणणार, गडी फुटला. शेवटी ती टपावर चढवली, तशी जीप गार चालायला लागली. विरोधी पॅनेलचा शेजारी म्हणाला, "निष्ठा लईच वाढली की बे तुझी." वाचलेल्या पाण्याचा पहिला चहा मी त्यालाच पाजला.