टिंक्चरमावशींचे पाच प्रश्न

विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या या परिचारिकेला मुलं टिंक्चरमावशी म्हणायची. बावीस वर्षं खरचटलेले गुडघे आणि सर्दी-पडसं सांभाळून त्यांचा हात इतका बसला होता, की गप्पांच्या नादात पट्टी कधी बांधून झाली हे पोरांना कळतही नसे.

त्या वर्षी नव्या डॉक्टरीणबाईंनी पाच प्रश्नांचा एक कागद आणला. जेवणाची, वजनाची धास्ती ज्यांच्या मनात घर करून बसते, त्यांना वेळीच ओळखता यावं म्हणून. प्रवेशाच्या तपासणीत तो फक्त मुलींना, तोही रांगेतच वाटला गेला. एकशे चाळीस कागद परत आले, आणि झाडून सगळी उत्तरं 'नाही'.

"चला, सगळ्या ठणठणीत!" कारकून म्हणाला. मावशींना काही ते पटेना.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी. सुईत दोरा ओवता ओवता हसला. "अगं, चारचौघांत माप घेतलं की माणूस पोट आत ओढतोच. म्हणून मी पडद्याआड घेतो. आणि खरं सांगू? बायकांपेक्षा पुरुषच जास्त ओढतात."

दुसऱ्या दिवशी मावशींनी ड्रेसिंगच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या. एकेकाला आत घेऊन, दार लावून, आपण स्वतः विचारणार असं त्यांनी जाहीर केलं. मुलांनाही.

"मुलांना कशाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पोट त्यांनाही असतं की!"

चौथ्या दिवशी धावण्याच्या संघातला एक उंच मुलगा आला. चार प्रश्नांना त्याने फटाफट 'नाही' म्हटलं. "दिवसभर जेवणाचाच विचार डोक्यात घोळतो का?" यावर मात्र त्याने बंद दाराकडे पाहिलं. मावशींनी पेन खाली ठेवलं.

"हो म्हटलं तर संघातून काढतील?" त्याने विचारलं.

"डॉक्टरांपलीकडे हे कुठे जाणार नाही. माझा शब्द."

"मग हो," तो म्हणाला. जरा थांबून पुटपुटला, "आधीची चारही खोडा."

मावशी स्वतः त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. त्या आठवड्यात असे एकोणीस जण सापडले. त्यांत सहा मुलगे.

त्या मुलाला सावरायला वर्ष लागलं, मध्ये दोनदा गाडी घसरलीही. पण तो पुन्हा धावू लागला, आणि मुख्य म्हणजे मित्रांबरोबर बसून जेवू लागला.

पुढच्या वर्षी आसपासच्या कॉलेजांतल्या चाळीस परिचारिकांना ही विचारण्याची पद्धत शिकवायला डॉक्टरीणबाईंनी मावशींनाच उभं केलं. मावशी बोलू लागल्या त्या तासभर.

"हे कोणत्या पुस्तकात आहे?" एकीने विचारलं.

"पुस्तकात नाही," डॉक्टरीणबाई उठून म्हणाल्या. "यांनी बसवलंय."

मावशी ताठ मानेने उभ्या राहिल्या.