घर देणे आहे, विकणेही आहे

ज्याचं एक घर इथं आणि दुसरं तिथं, त्याला गप्पांना विषय कधी कमी पडत नाही. भाडं महिन्यातून एकदा येतं, तेही आलं तर! किस्से मात्र आठवड्याला येतात. आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत, आणि आम्ही बदली होऊन साताऱ्याला. इथंच फ्लॅट घेतला, इथंच रुळलो. पण साताऱ्यातले मित्र भेटले की पहिला प्रश्न, "काय, सांगलीची काय खबर?" त्यांना माझी खबर नको असते, घराची हवी असते!

निघतानाच मी म्हणत होतो, विकून मोकळे होऊ. माझी बायको मंगल म्हणाली, "असू दे की. भाड्यानं देऊ." म्हटलं बरं, बघू थोडे दिवस. तिथून जी डोक्याला कटकट लागली ती लागलीच.

*

शेजारी सुभेदार राहतात. फौजेतून रिटायर होऊन जमाना झाला, पण इस्त्री काही मोडलेली नाही. घराची चावी त्यांच्याकडं ठेवली. कुणी घर बघायला आलं की सुभेदार त्याची भरतीच घ्यायचे!

"सकाळी किती वाजता उठता?"

"पाण्याची मोटर कवा लावनार?"

"पाव्हनेरावळे लय येत्यात का?"

माणूस घर न बघताच पळायचा. घर महिनोन्‌महिने रिकामं. शेवटी मी वैतागून फोन केला. "अहो सुभेदार, इतक्या लोकांत तुम्हाला एकही बरा वाटला नाही?"

"एक हुता की! एकदम डिसिप्लिनवाला. सगळी उत्तरं बरोब्बर दिली."

"मग? दिलं का नाही त्याला?"

"त्येला शेजार पसंत न्हाई पडला!"

*

मग मीच ओळखीतून एक भाडेकरू आणला. हळदीचा व्यापारी. "फॅमिलीसाठी पायजे," म्हणाला. भाडं वेळेवर, तक्रार एक नाही. मी चार लोकांत सांगत सुटलो, भाडेकरू असावा तर असा!

दिवाळीनंतर सांगलीत एक लग्न होतं, तेव्हा सहज घरी डोकावलो. दार उघडलं तर हॉलमध्ये छतापर्यंत हळदीची पोती! बेडरूममध्ये पोती, देवघराच्या कोनाड्यापुढं पोती.

मी ओरडलो, "अहो, फॅमिली कुठाय?"

त्यानं पोत्यावर प्रेमानं हात ठेवला. "सायेब, फॅमिली ह्याच्यावरच जगतीया न्हवं!"

मंगल पुढं झाली. पदरानं भिंत पुसायला लागली. बांधकाम चालू होतं तेव्हा ह्याच भिंतींवर तिनं सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी मारलं होतं. पदर पिवळा झाला, भिंत तशीच. तिचे डोळे भरलेले मला दिसले आणि माझं डोकं आणखी फिरलं.

व्यापाऱ्याला घालवला आणि रंगारी बोलावला. त्यानं सगळ्या खोल्या फिरून बघितल्या, भिंतीवर बोट फिरवलं, आणि मान डोलवत म्हणाला, "सायेब, पिवळाच मारूया. पयला हात बसलाय!"

*

त्यानंतर आले माने सर. जत तालुक्यातले शिक्षक, टँकरच्या पाण्यावर वाढलेले, अतिशय सज्जन माणूस. सुभेदारांच्या परीक्षेतही पास झाले. म्हटलं, सुटलो! आणि त्याच पावसाळ्यात कृष्णेला पूर आला.

आता सांगलीची एक रीत आहे. नदीचं पाणी चढायला लागलं की नदीकाठच्या गावभागातली माणसं उंचावरच्या पाहुण्यांकडं जातात. कुणी बोलवत नाही, कुणी विचारत नाही, आणि कुणी नाहीही म्हणत नाही. माझा मावसभाऊ विलास गावभागात राहतो. दर पुराला तो सगळं बिऱ्हाड घेऊन विश्रामबागेत आमच्याकडं. आम्ही साताऱ्याला गेलो, घर भाड्यानं दिलं, ह्याचा आणि पुराचा काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही!

माने सरांचा फोन आला. आवाजात कमालीचा संकोच. "साहेब, तुमचे पाहुणे आलेत. चहा झाला, स्वयंपाक चालू आहे. फक्त एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"ते बेडरूममध्ये झोपलेत. तर अशा वेळी भाडेकरूनं कुठं झोपायचं असतं?"

मी विलासला फोन द्यायला सांगितलं आणि त्याच्यावर तुटून पडलो. "अरे, काही अक्कल? ते घर भाड्यानं दिलंय!"

"ठावं हाय की रं. म्हनून तर कुलूप तोडाय लागलं न्हाई!"

पाणी उतरल्यावर विलास गेला. माने सरांनी तक्रार म्हणून केली नाही. उलट म्हणाले, "आमच्या गावाला पाणी नाही म्हणून माणसं गाव सोडतात, इथं पाणी आलं म्हणून सोडतात. सगळं सारखंच की हो!" एवढा शहाणा माणूस आमच्या घरात बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

*

बास झालं, आता विकायचं. जेवताना घरात जाहीर करून टाकलं. मंगल "बरं" म्हणाली आणि आमटी वाढली. मी मनात म्हटलं, चला, एक तरी काम बिनबोभाट झालं!

कराडचं एक गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं. मंगल म्हणाली, "मी पण येते. घर मीच दाखवते." दाखवलं.

"ह्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते बघा."

"बाथरूमचं पाणी तुंबतं. आम्ही सवय करून घेतलीय."

"आणि मागं मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत झोप विसरायची!"

मी मागून डोळे वटारतोय, खाकरतोय, तिचं चालूच. गिऱ्हाईक चहासुद्धा न घेता गेलं. परतीच्या वाटेवर मी गाडीतच भडकलो. "घर विकायला आलीस का मोडायला?"

"दोष झाकून घर विकावं का? लोकांचे तळतळाट कशाला घ्यायचे?"

 हायवेवर पेठनाका येईपर्यंत रागारागानं गाडी चालवली. मग डोक्यात उजेड पडला. "पण काय गं, आपल्या कुठल्या भिंतीला ओल येते?"

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "येईल की कधीतरी!"

*

पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी एकटाच गेलो. शहाणपण आलं होतं! सौदा जमला. गिऱ्हाइकाच्या वकिलांनी रिवाजाप्रमाणं पेपरात जाहीर नोटीस दिली. सदर मिळकतीवर कुणाचा हक्क, हितसंबंध वा वहिवाट असल्यास समक्ष येऊन कळवावे, वगैरे. मी मित्रांना सांगितलं, ती नुसती फॉर्मॅलिटी असते, कोण येतंय!

वकिलांचा फोन आला. "साहेब, ताबडतोब सांगलीला या. हरकती आल्यात. दोन्ही हरकतदार समोर बसलेत, उठायला तयार नाहीत!"

मंगल सकाळीच कराडला बहिणीकडं जाते म्हणून गेली होती. मी एकटाच गाडी हाणत पोचलो. बघतो तर बाकावर विलास!

"तू? तुझा काय संबंध?"

तो माझ्याशी बोललाच नाही, वकिलांशी बोलला. "वकीलसायेब, नोटिशीत वहिवाट लिवलीया का न्हाई? पूर आला की आमी तितंच ऱ्हातो. अख्खी सांगली सांगंल. आमची वहिवाट हाय!"

वकिलांनी रुमालानं कपाळ पुसलं. "बरं, ती नोंदवतो. आणि दुसरी हरकत?"

विलास बाकावरनं जरा सरकला. त्याच्यापलीकडं मांडीवर पर्स घट्ट धरून मंगल बसली होती.

वकील तिला ओळखत नव्हते. त्यांनी नम्रपणे विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

मंगलनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"ह्यांनी विचारलं नाही. पेपरनं विचारलं, म्हणून आले."