असतात आणि होते

“अब्बा मस्कतला असतात.”

कुणीही विचारलं तरी तिचं हेच उत्तर. रेशनवाला विचारो, नाहीतर एसटीत शेजारी बसलेली बाई. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि उत्तर देऊन झालं की सोडायची.

आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, तिचा बाप मस्कतला इमारतीच्या परांचीवरून पडून मेला. तिकडेच पुरला. इकडे आली ती एक बॅग आणि एक सरकारी कागद. पोरगी तेव्हा दहावीत होती. पुढे दोन-तीन वर्षं झाली तरी ती ‘असतात’च म्हणायची आणि लोक मान हलवून पुढे जायचे. तुम्हीही गेला असतात. तसं बघाल तर खोटंही नाही. बाप होताच की मस्कतला.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. जन्म चिरे रचण्यात गेला. ही पोरगी लहानपणापासून माझ्या कामावर येऊन उभी राहायची. एकदा विचारलंन, “काका, खालच्या सांध्यावर वरचा सांधा का येऊ देत नाही?”

“आला तर भिंत फाटते.”

तिनं वही काढली आणि भिंतीचं चित्र काढलं. चिरा न् चिरा बरोबर. तेव्हाच मला वाटलं, ही काही भाकऱ्या भाजत बसणारी नाही.

इमारतींचे नकाशे करायला शिकवतात असं एक मोठं कॉलेज लांब उत्तरेला आहे. देशभरातून पोरं अर्ज करतात, घेतात मूठभर. हिनं अर्ज केला. लेखी परीक्षेत पास झाली, मुलाखतीला बोलावलं. फी माफ व्हावी म्हणून अर्जाला बाप मेल्याचा कागद जोडलेला. साहेबांनी विचारलं, वडील काय करतात? हिच्या तोंडून सवयीनं गेलं, “मस्कतला असतात.” साहेबांनी कागद उचलून दाखवला, मग हे काय? त्यानंतर हिचं तोंड उघडलंच नाही. हात हलवत परत आली.

अम्मी म्हणाली, “झालं शिक्षण.” गुहागरकडचं स्थळ आलेलं होतं, मुलगा दुबईला. पोरीनं हट्ट धरला तेव्हा अम्मीनं आणखी एक वर्ष दिलं. एकच. नाही झालं तर निकाह.

दुसऱ्या वर्षीही लेखी परीक्षेत पास झाली. मग एका दुपारी माझ्या पायरीवर येऊन बसली.

“काका, तुम्ही साहेब व्हा.”

“कसला साहेब गो?”

“मुलाखतीचा. मला प्रश्न विचारा. दुसरे कोणी विचारत नाहीत, विचारायच्या आधी त्यांचेच डोळे भरतात. तुम्हाला काही वाटत नाही.”

ही तारीफ की शिवी, ते मला अजून कळलेलं नाही. आमची ही जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. घरात आवाज म्हणून नव्हता. म्हटलं, ये उद्यापासून.

रोज चार वाजता मी खुर्चीवर, ती पायरीवर, मांडीवर फाईल.

“पावस गावात घर बांधायचंय. आधी विहीर की आधी जोतं?”

“विहीर.”

“का?”

“पाणी नसेल तर जोत्याला काय पाजणार? चहा?”

“साहेबासमोर असं बोललीस तर हाकलतील.”

“साहेब विडी ओढत बसतात का?”

मी विडी विझवायचो आणि मग तो प्रश्न टाकायचो. “बाप काय करतो?”

“मस्कतला अस—”

मी खुर्चीच्या हातावर थाप मारायचो. “होते म्हण.”

तिचे कान लाल व्हायचे. ओठ हलायचे, आवाज नाही. बाकी सगळं तयार होतं, गाडी एवढ्या एका शब्दावर अडायची.

मुलाखतीला आठ दिवस राहिले असतील. पायरीवर आमचं चाललं होतं आणि एक मासेवाली आली. स्वतःच्या आजारपणामुळे ती बरेच महिने आळीत फिरकली नव्हती. पाटी न उतरवताच ओरडली, “वैनी, बांगडे ताजे हायत!”

मी म्हटलं, “ती निजलीय. उद्या ये.”

मासेवाली गेली. पोरीनं फाईल खाली ठेवली.

“काका, काकू निजल्यात?”

“तुला काय करायचंय? ऊठ. चालती हो इथून.”

चपला घालून ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. नुकसान तिचं होत होतं आणि मी म्हातारा खुर्चीवर फुगून बसलो होतो.

चौथ्या दिवशी मीच त्यांच्या दारात गेलो. अम्मी म्हणाली, “या भाऊ, बसा.” बसलो नाही. पोरगी सुपात तांदूळ निवडत होती. उभ्यानंच सांगितलं, “बायको होती माझी. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, पित्त असेल, सोडा घे. भिंत अर्धी राहिली होती म्हणून कामावर गेलो. परत आलो तेव्हा नव्हती.”

हे मी मुंबईच्या मुलालासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

पोरीचा हात सुपात थांबला. वर न बघता ती बोलली, “अब्बा होते. ते सुट्टीवर येणार होते. मीच पत्र लिहिलं, एवढ्यात नका येऊ, माझी परीक्षा आहे. मग ते राहिले. मग पडले.”

अम्मी तिच्याकडे बघतच राहिली. “अगो, तुझ्या पत्रानं नाही राहिले ते. साहेबानं रजाच नाही दिली. मला कळवलं होतं त्यांनी.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कधी?”

सूप कलंडलं. तांदूळ सगळे जमिनीवर. दोघी एकमेकींच्या गळ्यात. मला मात्र असं काही सांगणारं कुणी नव्हतं. मी घरी आलो.

मुलाखतीहून ती आली तेव्हा विचारलं, “विचारलं का त्यांनी?”

“विचारलं.”

“मग?”

“होते, म्हटलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.”

एवढंच होतं ते. एका शब्दावर वर्ष गेलेलं.

पत्र आलं त्या दिवशी पोरगी बाजारात गेली होती. अम्मी पाकीट घेऊन माझ्याकडे आली. पत्र इंग्रजीत. तिला येईना, मला येईना. आम्ही दोघं त्या कागदावर बोट फिरवत बसलो. पोरगी आली, दारातच उभ्यानं वाचलंन, घडी घातलीन.

“अम्मी, गुहागरला निरोप धाड. नको म्हणून.”

पोरगी कॉलेजला गेली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी अम्मी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी येऊन उभी राहिली. “भाऊ, पोचली असेल ना?”

“पोचली असेल.”

“रडत असेल का हो?”

“रडत असेल,” मी म्हटलं. “रडून झालं की लागेल कामाला.”

तिनं डोळे पुसले. जायला वळली आणि थांबली. “तुम्ही जेवलात?”

कुणी विचारलं की मी “जेवलो” म्हणतो आणि दार लावून घेतो. त्या दिवशी म्हटलं, “नाही.”