बांधावरून दिसलेलं सोनं

डोळ्यातलं भिंग जन्मभर वाढत राहतं. कांद्यासारखे नवे पापुद्रे बाहेरून चढतात, जुना एकही गळत नाही. आतला गाभा दाटतो, कडक होतो. चाळिशी लागते ती त्यामुळेच. पुढे तो पिवळा पडतो, मग गढूळ होतो. तोच मोतीबिंदू. हे मी कॉलेजात इंग्रजीतून पाठ केलं होतं, तरी घरात आला तेव्हा ओळखला नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. सावली गावाजवळच्या आपल्या शेतात धान कधी कापायचं हे तुमची पणजी, माझ्या सासूबाई, ठरवायच्या. बांधावर उभ्या राहून, नुसत्या रंगावरून. तो मान त्यांनी कुणाला दिला नव्हता.

त्या वर्षी त्यांनी चष्मा काढून ठेवला. बिनचष्म्याने सुईत दोरा ओवायच्या आणि मला चिडवायच्या, "तू एवढी शिकलेली, तुले चष्मा. मले नाई!"

डोळे तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, भिंगाचा गाभा घट्ट झाला की काही दिवस जवळचं उलट चांगलं दिसतं. हा मोतीबिंदूच आहे, ऑपरेशन करा.

"सुई दिसते मले," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरच आंधळा हाये."

दिवाळीनंतर त्यांनी बांधावरून हुकूम सोडला, "धान पिवळं झालं. उद्या विळे लावा."

कापणीच्या बाया हिरव्या लोंब्या चाचपू लागल्या. मलाही शेत हिरवट दिसत होतं, पण बोलायची छाती झाली नाही. शेवटी एका जुन्या मजूर बाईने लोंबी तोडली आणि त्यांच्या तळहातावर दाणा चिरडला. "पाहा न बाई. दूध हाये अजून."

ते पांढरं दूध त्यांना स्वच्छ दिसलं. मग त्या शेताकडे बघत राहिल्या. "मले तं सोन्यावानी दिसून राह्यलं," हळूच म्हणाल्या. वाटेत मला म्हणाल्या, "डॉक्टरले सांग, मी येतो."

चंद्रपूरला ऑपरेशन झालं. नवं भिंग बसलं ते लांबचं दाखवणारं, जवळच्यासाठी चष्मा लागणार होता. पट्टी सुटल्यावर त्यांनी आधी माझा पदर धरला. "ही साडी निळी हाये? मी हिरवी समजत होतो."

पुढच्या हंगामात बाया विळे घेऊन आल्या, तेव्हा त्या बांधावरूनच ओरडल्या, "थांबा! खालच्या बांधीत हिरवं हाये. चार दिवस."

त्या मजूर बाईने खालच्या तुकड्यात उतरून दाणा चिरडला, बोटावरचं दूध पाहिलं आणि विळा कमरेला खोचला.

घरी आल्यावर सासूबाईंनी सुई-दोरा माझ्यापुढे धरला. "घे, ओव. तुले चष्मा हाये."