बंद घरातला गारवा

सौदीत समुद्राकाठच्या जुबैलला आम्ही राहत होतो त्या इमारतीत सुट्टीवर जाताना एसी चालू ठेवून जायची पद्धत होती. दोन-दोन महिने घराला कुलूप, आत चिटपाखरू नाही, आणि खोल्या गारेगार. कुणी गावी निघालं की चावी माझ्याकडे यायची. मी एकदा हो म्हटलं आणि मग सगळ्यांनी मला गृहीतच धरलं. रोज सकाळी ती घरं उघडायची, एसी बंद पडला नाही ना ते पाहायचं आणि पुन्हा कुलूप लावायचं. त्या रिकाम्या बेडरूममध्ये मला हुडहुडी भरायची आणि डोकं मात्र तापायचं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात वादळ झालं की आठवडा-आठवडा वीज येत नाही, आणि इथे सोफ्याला उकडू नये म्हणून तेल जाळत होते.

वीज इथे बरीचशी तेल जाळूनच होते, हे मला ह्यांनी सांगितलेलं. हे एका कंत्राटदाराकडे व्हॉल्व्ह दुरुस्तीच्या कामावर होते. शिफ्टवरून आले की बसमध्ये ऐकलेलं सांगायचे. जुन्या विहिरींतून आता तेलाबरोबर पाणीच फार येतं म्हणे, आणि ते तेल वर यावं म्हणून आधी समुद्राचं पाणी जमिनीत ढकलावं लागतं. एवढं होऊनही दुकानांसमोर गाड्या चालूच असायच्या. मालक आत गप्पा हाणत चहा पितोय आणि बाहेर त्याची रिकामी गाडी थंड होत घरघरतेय, हे मी रोज बघायची.

मग तेलाचा भाव पडला आणि सरकारला जाग आली. देशात जाळलेलं तेल बाहेर विकता येत नाही, हे इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की काय, देव जाणे. पेट्रोल महागलं, विजेचे दर चढले, खरेदीवर कर बसला. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, उलट मनातून बरंच वाटलं. पण त्याच सुमारास आणखी एक फी आली. परदेशी कामगारानं बायकामुलं जवळ ठेवली तर दर माणशी, दर महिन्याला, आणि ती वाढत जाणारी. राहण्याच्या परवान्यावर, म्हणजे इकाम्यावर, आमची नोंद ‘मुराफिक’ अशी असायची, म्हणजे सोबतीला आलेली माणसं. तेल उधळलं कुणी आणि भुर्दंड कुणाला, तर नवऱ्यासोबत राहते म्हणून मला आणि बापासोबत राहते म्हणून माझ्या नववीतल्या पोरीला. मला ह्या सगळ्याची शिसारी आली.

इमारत रिकामी होऊ लागली. बायकामुलं गावी आणि पुरुष कंपनीच्या कॅम्पात, एकेका खोलीत दाटीवाटीनं. हे म्हणाले, “पुढच्या इकाम्याला दोघींची फी जमली तर राहाल. नाहीतर आपलंही तेच.” पोरीची दहावी होईपर्यंत तरी तिघांनी एका घरात राहायचं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी काटकसरीला लागले. कंपनीच्या तिकिटावर गावी जायचं ठरलं तेव्हा मी घरातले सगळे एसी बंद केले.

समोरच्या फ्लॅटमधल्या महाडकडच्या चाची दारातच अडवायला आल्या. “अगो बाय, वेडी झालीस काय? ह्या दमट उकाड्यात घराचं मढं होईल!”

“चाची, आमचं गावचं घर वर्षभर बंद असतं. काही होत नाही त्याला.”

फ्रिज रिकामा केला, लाद्या पुसल्या. वरच्या फळीवर गावाहून आणलेले सोडे आणि सुके बोंबील होते, ते पिशवीत घट्ट बांधून तिथेच ठेवले. सुकी मासळी आम्ही पावसाळ्यासाठीच साठवतो. ती कोण टाकून देईल?

दोन महिन्यांनी परत आलो तेव्हा दार फुगून बसलं होतं. ह्यांनी खांद्यानं ढकललं आणि आतून वास असा अंगावर आला की आम्ही तिघंही मागे सरलो. छताला काळी-हिरवी बुरशी, गादीला बुरशी, कपाटातल्या कपड्यांवर पांढरी लव. पोरीच्या शाळेच्या बुटांचे तळ सुटून पडलेले. बोंबलांना पाणी सुटून ते फळीवरून ओघळलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. “मम्मा, आय कान्ट,” म्हणत पोर जिन्याकडे धावली आणि तिथेच ओकली. इमारतीचा राखणदार नाकाला रुमाल लावून वर आला. “मदाम, खलास. मालिक को मैंने फोन कर दिया.”

मालकानं बजावलं, सगळं घर रंगवून द्या, कपाटं नवी बसवा, नाहीतर खाली करा. फीसाठी बाजूला ठेवलेलं सगळं रंगात आणि फळ्यांत गेलं. त्या खेपेला ह्यांनी फक्त स्वतःच्या इकाम्याचं नूतनीकरण केलं, हे कॅम्पात गेले, आणि आम्ही दोघी कायमच्या बाहेर पडलो. चाची रडल्या. मला रडू आलं नाही, संताप आला. माणूस नसलेल्या घराला गारवा पुरवत राहायचं हाच जिथे शहाणपणा, तिथे मी वेडी ठरले तर ठरले. मी चुकले असं मला अजूनही वाटत नाही.

पोरीच्या शाळेसाठी रत्नागिरीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शुक्रवारी ह्यांना सुट्टी, म्हणून त्या दिवशी शाळेतून आली की पोर गणवेशही न बदलता माझ्याशेजारी फोनची वाट बघत बसायची. पहिला महिना हे दोन मिनिटांत फोन आवरता घ्यायचे. मग एका शुक्रवारी आवाज एकदम मोकळा. मागे कुणीतरी पत्त्यांच्या डावावर हसत होतं.

“जेवण कंपनीचं, बस कंपनीची, बिलाची कटकट नाही,” हे म्हणाले. “खरं सांगू? आपण हे आधीच करायला हवं होतं.”

फोन स्पीकरवर होता. त्यांच्या आवाजातल्या त्या समाधानाची मला जी किळस आली, तशी त्या अळ्यांचीही आली नव्हती. माणूस इतक्या लवकर सरावतो? पोर उठली, दप्तर घेतलं आणि आतल्या खोलीच्या दारातून हळूच म्हणाली, “मम्मा, बोल दो मैं सो गई.”

दिवेलागण अजून व्हायची होती, अंगणात चांगलं ऊन होतं. मी तसंच सांगितलं. ह्यांनी “बरं” म्हटलं, आणि इतक्या लवकर कशी झोपली, हेही विचारलं नाही.