खोडरबरने खोडलेल्या ओळी

माझ्या वर्गात त्याला सगळे खोडरबर म्हणत. एक अक्षर वाकडं आलं की अख्खी ओळ खोडायचा. वहीला भोकं पडायची. आता चाळिशी उलटली, वाचनालयांना पुस्तकांच्या देवघेवीचा कॉम्प्युटर प्रोग्राम बसवून देतो, पण खोड तीच.

मंगळवारी सकाळी तो बायकोला घेऊन माझ्याकडे आला. हातात दोन छापील कागद, एक पत्र आणि एक अटींचा.

"बाई, हे वाचून सांगा. मी चोर आहे का?"

"चार दिवस हाच जप चाललाय," बायको म्हणाली. "काल चहात मीठ घातलं यांनी."

झालं होतं ते असं. मूळ प्रोग्राम दूरच्या एका गृहस्थांनी लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला. खोडरबरने तो घेतला, दोन वर्षं खपून त्यात बऱ्याच सोयी घातल्या आणि एका वाचनालयाला विकला. देताना आतली प्रत्येक फाइल झाडूनपुसून लख्ख केली. फाइलीच्या डोक्यावर मूळ लेखकाचं नाव आणि अटी होत्या. त्या ओळींवाचून प्रोग्रामचं काही अडत नाही, म्हणून खोडल्या. पण पुस्तक शोधायच्या पानावरचं घुबडाचं चित्र आवडलं म्हणून ठेवलं. ते त्या गृहस्थांनीच काढलेलं! वाचनालयाच्या इंटरनेटवरच्या पानावर त्यांनी ते ओळखलं आणि 'माझ्या अटी पाळा' असं पत्र धाडलं. ग्रंथपाल म्हणाले, शुक्रवारपर्यंत मिटवा, नाहीतर प्रोग्राम काढून टाकतो.

"फुकट दिलं ना त्यांनी? मग आता काय हवंय? पैसेही मागत नाहीत. मागितले असते तर कळलं तरी असतं!"

मी अटी तीनदा वाचल्या. "बदला म्हणतात, विका म्हणतात. फक्त ज्याला द्याल त्याला प्रोग्राम ज्यात लिहिलाय तो आतला सगळा मजकूर द्या, त्याच अटींवर. माझं नाव राहू द्या. आणि काय, केव्हा बदललं ते लिहा."

"आतला मजकूर दिला तर उद्या ते दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतील!"

"घेतील."

"आणि तरी मी विकायचं?"

"तसं लिहिलंय खरं."

"तुम्हाला समजलं, बाई?"

"वाक्यं समजली," मी म्हटलं.

बायको शिवणकाम करते. ती म्हणाली, "अहो, कागदी नमुना मैत्रिणीचा असला तरी लोक माझ्याकडे शिलाईसाठीच येतात ना?"

त्याने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

दोन दिवस तो माझ्याच टेबलाशी बसला. मूळ प्रतीतून एकेका फाइलीच्या ओळी परत आणल्या. जिथे हात लावला होता, तिथे खाली स्वतःचं नाव, बदल आणि तारीख. खोडलेलं जसंच्या तसं परत लिहिण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

शुक्रवारी सगळा मजकूर अटींसकट पेन ड्राइव्हवर घालून त्याने ग्रंथपालांना दिला.

"हे घेऊन मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"ठेवा. तुमचा हक्क आहे म्हणे."

त्यांनी तो खणात ठेवला. त्या गृहस्थांचंही 'ठीक आहे' एवढंच उत्तर आलं. प्रोग्राम राहिला.

त्याने वाचनालयाच्या पायरीवरूनच मला फोन केला. "बाई, मिटलं. पण त्यात माझं नेमकं काय, ते अजून कळत नाही."

"तुझं नाव आहे की."

"हो, पण त्यांच्या नावापेक्षा एक अक्षरभर उजवीकडे सरकलंय. खोडून नीट लिहू?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं.